प्रिलिमपासून निकालापर्यंत: दहावीचा मोसम घरात आणि शाळेत कसा सांभाळायचा

दहावीचा एकेक पेपर दोन किंवा तीन तासांचा असतो. मोसम मात्र जानेवारीतल्या प्रिलिमला सुरू होतो आणि अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंत संपत नाही. २०२४ साली राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा १ ते २६ मार्चला झाली आणि निकाल २७ मेला लागला. २०२५ला परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च झाली, निकाल १३ मेलाच हातात आला. वेळापत्रक असं अलीकडे सरकलं की पहिला फटका प्रिलिम आणि लेखी परीक्षा यांच्यामधल्या दिवसांना बसतो, आणि नेमके तेच दिवस सर्वांत कामाचे असतात.

मी शाळेत दहावीला गणित शिकवते. दरवर्षी एक गोष्ट दिसते: मोठी माणसं चुकीच्या वेळी योग्य काम करतात. फेब्रुवारीत अकरावीच्या कॉलेजची चर्चा, मार्चमध्ये पेपरच्या आदल्या रात्री 'वर्षभर काय केलंस?' आणि मेमध्ये, जेव्हा खरंच कॉलेजचं बोलायचं असतं, तेव्हा घरात अबोला. म्हणून हा लेख टप्प्यांनुसार लिहिला आहे. ज्या टप्प्यात आहात त्याचंच काम करा, पुढचं-मागचं त्या-त्या वेळी.

प्रिलिमचा पेपर हातात आल्यावर

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच पदरात पडतो आणि सगळ्यात जास्त आरडाओरडाही इथेच होतो.

मार्क बघून झाले की उत्तरपत्रिका घरी आणा. शाळा फक्त दाखवून परत घेत असेल तर वर्गशिक्षकांना विनंती करा, किमान अर्धा तास मुलाला ती शांतपणे बघू द्या. गेलेल्या प्रत्येक मार्काशेजारी मुलानेच पेन्सिलीने एक अक्षर लिहायचं. 'न' म्हणजे येतच नव्हतं. 'च' म्हणजे येत होतं, पण चुकलं. 'वे' म्हणजे वेळ उरला नाही. तिसऱ्या प्रकाराबद्दल मुलं थोडी सूट घेतात, न आलेलं गणितही वेळेच्या नावावर घालतात. घालू द्या. चार दिवसांनी तेच गणित घड्याळ न लावता सोडवायला दिलं की खरं काय ते त्यांचं त्यांनाच कळतं.

एक उदाहरण घेऊ. गणित भाग १ मध्ये ४० पैकी १९ पडले आहेत. गेलेल्या २१ गुणांची वाटणी अशी निघाली: न ६, च ८, वे ७. घरातली पहिली प्रतिक्रिया असते, 'आणखी एक क्लास लावू या.' पण क्लासने फार तर ते ६ गुण भरून निघतील. चिन्ह चुकणं, पायरी खाणं, उदाहरण उतरवतानाच आकडा बदलणं यात गेलेले ८ गुण रोज अर्धा-पाऊण तास लिहून सराव केल्यानेच परत येतात. नुसतं वाचून किंवा व्हिडिओ बघून ते येत नाहीत. आणि वेळेपायी गेलेले ७ गुण पेपर सोडवण्याचा क्रम बदलला तरी बरेचसे सुटतात. गणिताच्या ४० गुणांच्या पेपरात पहिल्या दोन प्रश्नांनाच मिळून २० गुण असतात. हे माहीत असूनही कितीतरी मुलं चौथ्या प्रश्नातल्या एका शाब्दिक उदाहरणावर पंधरा मिनिटं अडून बसतात.

पालकांना गणित यायची यात काही गरज नाही. मुलाने अक्षरं लिहायची, आई-बाबांनी बेरीज करायची. भाषेच्या कृतिपत्रिकेलाही हीच पद्धत लावता येते. तिथे 'वे' बहुधा उपयोजित लेखनात निघतं, कारण ते शेवटी असतं आणि मुलं पहिल्या उताऱ्यावरच पान-पान लिहीत बसतात.

शिक्षकांसाठी इथे एकच काम आहे, पण ते अवघड आहे. प्रिलिमचे पेपर आठवड्याच्या आत परत द्या. घाबरवण्यासाठी मुद्दाम कडक तपासायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. मला ती पटत नाही. हुशार मुलगी घाबरून रात्री जागायला लागते, आणि ज्याने घाबरायला हवं तो 'सर सगळ्यांनाच कमी देतात' म्हणून मोकळा होतो. मंडळाच्या गुणदान पद्धतीने तपासा, पायरीचे गुण द्या, आणि ज्याचे ज्या पायरीला गेले तिथे लाल टिंब करा.

याच दिवसांत प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा, प्रकल्प वही असं सगळं उरकायचं असतं. शंभरातले २० गुण इथले असतात आणि ते घरबसल्या गमावणारी मुलं दरवर्षी भेटतात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मूल आजारी पडलं तर त्याच दिवशी शाळेला कळवा. प्रात्यक्षिक-तोंडी परीक्षेसाठी मंडळाची आऊट ऑफ टर्नची, म्हणजे ठरल्या दिवशी हुकलेली परीक्षा नंतर देण्याची सोय असते, पण तिची मुदतही ठरलेली असते. इंटरमिजिएट चित्रकला, खेळ, लोककला यांच्या वाढीव गुणांचे प्रस्तावही शाळेमार्फतच जातात. प्रमाणपत्रं फाईलमध्ये ठेवून 'नंतर देऊ' म्हणू नका.

घरातली घडी: प्रिलिम ते पहिला पेपर

पेपर सकाळी ११ला सुरू होतो. मूल रात्री दोनपर्यंत जागून दहाला उठत असेल तर ११ वाजता त्याचं डोकं अजून पांघरुणातच असतं. परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून ११ ते २ या वेळेत लिहायचं काम ठेवा. सराव पेपर, निबंध, आकृत्या, जे काही लिहायचं असेल ते याच वेळात. शाळा चालू असेल तर शनिवार-रविवार तरी पाळा. झोपायची वेळ एकदम बदलत नाही, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा.

आणखी एक गोष्ट घरी करून बघायची आहे. पूर्वी प्रश्नपत्रिका १० मिनिटं आधी वाचायला मिळायची. २०२३ पासून ते बंद झालं आणि त्याऐवजी शेवटी १० मिनिटं वाढवून मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर २ वाजून १० मिनिटांनी संपतो. मोठ्या भावंडांच्या अनुभवावर विसंबलेल्या मुलांना हे नीट सांगावं लागतं. ११ला पेपर मिळाल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त वाचायची, कोणते पर्याय सोडवायचे त्यांवर खुणा करायच्या आणि मग पेन उघडायचं. शेजारी पहिल्या मिनिटापासून खरडत असताना स्वतः गप्प वाचत बसणं फार जड जातं, म्हणून त्याचा सराव घरीच व्हायला हवा.

घरातल्या मोठ्यांनी एका संध्याकाळी, मूल नसताना, तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. अभ्यासाबद्दल कोण बोलणार? एकानेच बोलायचं. आई ओरडते, बाबा पाठीशी घालतात, आजी मध्येच बदाम घेऊन येते आणि मामा फोनवर स्वतःच्या बोर्डाच्या गोष्टी सांगतो, अशा चार तऱ्हा झाल्या की मूल बरोबर ज्याच्याकडून सूट मिळते त्याच्याकडे जातं. नातेवाइकांचे फोन कोण घेणार? 'ऑल द बेस्ट' म्हणायला येणारे फोन प्रेमाचे असतात, पण दिवसातून सहा वेळा 'किती टक्के अपेक्षित आहेत?' याचं उत्तर मुलाने का द्यावं? आणि मोबाइल कुठे असणार? फोन पूर्ण काढून घेतला तर भांडणातच दोन दिवस जातात, शिवाय शाळेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. लिहायच्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत आणि झोपताना हॉलमध्ये चार्जिंगला, एवढं पाळलं तरी पुरे. मात्र मोठ्यांचे फोनही तिथेच ठेवायचे, नाहीतर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.

'अभ्यास झाला का?' हा प्रश्न एका दिवसात आपण किती वेळा विचारतो ते मोजून बघा. त्याला 'हो' याखेरीज उत्तरच नसतं, म्हणून त्यातून काही कळतही नाही. त्यापेक्षा जेवताना एकदाच विचारा, 'आज कुठे अडलं?' उत्तर आलं तर पुढचा प्रश्न, 'सरांना फोन करायचा का?' उत्तर नाही आलं तर आमटी वाढा आणि विषय बदला.

धाकटं भावंड असेल तर त्याचाही विचार करा. चार महिने 'दादाची दहावी आहे' म्हणून त्याचा टीव्ही बंद, खेळ बंद, वाढदिवस पुढे ढकललेला. ते मध्येच उगाच भांडण उकरून काढतं त्यात नवल नाही.

स्टाफरूममध्ये

पालकांना वाटतं, निरोप समारंभ झाला की दहावीचे शिक्षक सुटले. प्रत्यक्षात तेव्हा आमचं दुहेरी काम सुरू होतं: दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षण, मग मंडळाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्याच वेळी नववीच्या परीक्षेची तयारी आणि कुणाकुणाच्या घरात स्वतःचं मूल दहावी-बारावीला. माझ्या ओळखीतल्या शिक्षकांत फेब्रुवारी-मार्चमध्ये घसा, पाठ आणि चिडचिड या तीन तक्रारी ठरलेल्या.

यातलं सगळं टाळता येत नाही, पण काही गोष्टी हातात असतात.

पालकांच्या ग्रुपला वेळ घालून द्या. 'शंका संध्याकाळी ७ ते ८, फोन न करता मेसेज' असं जानेवारीतच जाहीर केलं तर लोक पाळतात. रात्री साडेअकराला एकदा उत्तर दिलंत की उद्यापासून तीच तुमची वेळ होते.

शाळेचे पेपर तपासताना एका मुलाचा अख्खा पेपर न घेता सगळ्या गठ्ठ्यातला एकच प्रश्न घ्या. पंचवीस जणांचा प्रश्न तिसरा सलग तपासला की गुणांची मोजपट्टी हलत नाही आणि वेगही वाढतो. पंचवीसनंतर उठा, पाणी प्या, आणि पहिले चार पेपर पुन्हा बघा. सुरुवातीला आपण कडक असतो आणि थकल्यावर एकतर सैल होतो किंवा चिडके. पहिल्या चारात अर्धा-एक गुण बदलावासा वाटला तर तेव्हाच बदला.

मुलांशी बोलताना शेवटच्या पंधरवड्यात नवं काही शिकवू नका. कच्च्या मुलांना प्रत्येक विषयाची 'हमखास यादी' द्या: कोणती प्रमेयं, कोणत्या आकृत्या, नकाशातली कोणती ठिकाणं. पासापुरतं शिकवणं कमीपणाचं मानणारे सहकारी मला भेटले आहेत. ज्याला प्रिलिमला शंभरात २२ पडले आहेत, त्याच्या दृष्टीने ३५ हा फार मोठा आकडा असतो. त्याला त्या वाटेवर नेणं हेही शिकवणंच आहे.

लेखनिक किंवा जादा वेळेची सवलत मिळणारी मुलं वर्गात असतील तर कागद पूर्ण आहेत ना, केंद्राला कळलं आहे ना, लेखनिकाबरोबर मुलाने एकदा तरी सराव केला आहे ना, हे वर्गशिक्षकाने स्वतः बघावं. तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, पण लेखनिकाला आकृतीची भाषा कळत नसेल तर तीही पुरत नाहीत.

पेपरचे दिवस

आदल्या दिवशी केंद्र बघून या. नुसतं गेट बघू नका, रस्त्याला किती वेळ लागतो तेही बघा, तेसुद्धा सकाळी दहाच्या गर्दीत. केंद्रावर साडेदहाला हजर असावं लागतं. खेडेगावातून येणाऱ्या मुलांची एसटी चुकली तर दुसरी सोय काय, हे गावातल्या दोन-तीन पालकांनी मिळून ठरवून ठेवावं.

पारदर्शक पाऊचमध्ये: हॉल तिकीट, दोन-तीन वापरात मुरलेली पेनं (नवं कोरं पेन पेपरला नको), पेन्सिल, पट्टी, कंपास, साधं काट्याचं घड्याळ. हॉल तिकिटाची एक झेरॉक्स घरी ठेवा. स्मार्टवॉच आणि फोन घरीच. सकाळी खिसे आणि कंपासपेटी मुलाने स्वतः तपासावी, कारण मागच्या सराव पेपरची चिठ्ठी कंपासमध्ये राहिली आणि भरारी पथकाला सापडली तर 'चुकून राहिली' हे पटवायला फार उशीर झालेला असतो.

कॉपीबद्दल घरात एकदा स्पष्ट बोला. काही पालक आडून सुचवतात, 'बघ, कुणी मदत केली तर.' हे वाक्य मुलाच्या डोक्यात राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्याचा पेपर' म्हणून येणारे फोटो उघडू नका, पुढे पाठवू नका. खोटा असला तर रात्र वाया, आणि खरा असला तर गुन्हा. यासाठी राज्यात १९८२पासून स्वतंत्र कायदा आहे.

पेपर सुटल्यावर गेटवर उभ्या असलेल्या पालकांचं निरीक्षण करा. एक आई मुलीच्या हातातून प्रश्नपत्रिका घेऊन रस्त्यातच दुसरा प्रश्न सोडवून घेत असते, 'हे काय लिहिलंस?' मुलगी आधी बरोबर सांगते, मग आईचा चेहरा बघून बदलते, आणि शेवटी तिला स्वतःलाच आठवत नाही की आत काय लिहिलं होतं. दोन दिवसांनी भूमितीचा पेपर असतो, आणि ती बीजगणिताचे गुण मोजत असते.

नियम साधा ठेवा: गेटवर फक्त 'पाणी हवं का? भूक लागली का?' प्रश्नपत्रिका घरी गेल्यावर एका फाईलमध्ये, फाईल कपाटात, आणि सगळे पेपर संपेपर्यंत कपाट बंद. मुलाला स्वतःहून बोलायचं असेल तर ऐका, मार्क मोजू नका. पेपर अवघड गेला म्हणून रडत आलं तर आधी जेवण, मग तासभर झोप, मग पुढच्या पेपरची एकच छोटी गोष्ट हातात द्या. 'जाऊ दे, काही नाही होत' हे त्या क्षणी त्याला खोटं वाटतं. 'वाईट गेला असेल. त्यातलं आता काही बदलत नाही, परवाचं बदलतं,' हे निदान खरं असतं.

दोन पेपरांमधल्या मोठ्या सुट्टीत मुलं हमखास ढिली पडतात. होळी-धुळवडही बहुतेक याच दिवसांत येते. रंग खेळू द्या, फक्त डोळे आणि उजवा हात जपा. दुपारनंतर आंघोळ करून पुन्हा वहीवर.

कधी थांबून नीट बघायचं

पोटात गोळा येणं, चिडचिड, पेपरच्या सकाळी उलटीसारखं वाटणं हे बहुतेकांना होतं आणि जातं. पण दोन आठवडे सलग झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, जिवलग मित्राशीही बोलणं बंद असेल, 'माझा काही उपयोग नाही', 'मी नसलो तर बरं' असं काही बोलण्यात किंवा स्टेटसवर येत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकायला सुरुवात झाली असेल, तर अभ्यासाचा विषय तिथेच थांबवा.

थेट विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मूल बहुधा बोलतं. उत्तर 'हो' असेल तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं-कीटकनाशकं हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. परीक्षेच्या काळात मंडळही समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं, ते शाळेच्या फलकावर लावलेले असावेत. शिक्षकाला असं काही दिसलं तर 'घरच्यांना कळेलच' असं धरून चालू नका. घरच्यांना बहुधा सगळ्यात शेवटी कळतं.

सुट्टी

शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी अकरावीचा फाउंडेशन क्लास लावणाऱ्या पालकांना माझं सांगणं एवढंच, निदान दोन आठवडे थांबा. या काळात मोठ्यांनी करायचं काम वेगळं आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, अधिवास, जे-जे प्रवेशाला लागतं त्याचे अर्ज एप्रिलमध्ये सेतू किंवा ई-सेवा केंद्रात टाका. निकालानंतर तिथे रांगा लागतात. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, त्यामुळे 'ओळखीचं कॉलेज आहे, बघू' हे आता गावाकडेही चालत नाही.

निकालाचा दिवस

तारीख जाहीर झाली की आदल्या संध्याकाळी घरात एक वाक्य ठरवा, जे आकडा काहीही आला तरी सगळ्यात आधी बोललं जाईल. ते मुलाला आधीच सांगूनही टाका: 'उद्या काही लागो, आधी आपण सगळे एकत्र जेवणार, मग कुणाला फोन.' ऑनलाइन निकाल बहुधा दुपारी १ला दिसतो, त्या वेळी साइट अडकते. मुलाला एकट्याला सायबर कॅफेत पाठवू नका.

टक्के काढताना सहा विषयांतल्या सर्वोत्तम पाचांची ५०० पैकी बेरीज धरली जाते, पण पास मात्र सहाही विषयांत व्हावं लागतं. हे माहीत नसलेले पालक गुणपत्रिकेवरचा आकडा बघून गोंधळतात.

एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो आणि पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते. २०२५ला ती जून-जुलैत झाली. वर्ष वाया जात नाही, हे त्याच दुपारी मुलाला सांगा. संध्याकाळपर्यंत थांबू नका. गुण अनपेक्षित कमी वाटत असतील तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. ती आल्यावर विषय शिक्षकांकडे घेऊन जा, नुसतं मनाला वाटतंय म्हणून पैसे भरू नका. सगळ्या विषयांत पास झालेल्याला गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे.

शिक्षकांनी निकालाच्या दिवशी फोनची यादी उलटी धरावी. पहिल्या आलेल्यांकडे पेढे आणि फोटो आपोआप पोचतात. आधी राहिलेल्यांना लावा, आणि बोलणं पालकांपाशी संपवू नका, मुलाला फोनवर घ्या. त्या फोनमध्ये तीनच गोष्टी सांगायच्या: पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा आहे, त्याची शेवटची तारीख अमुक आहे, आणि सोमवारी दहा वाजता वही घेऊन ये, राहिलेला विषय आपण तिथून सुरू करू.